काळी, पांढरी आणि मी

आमच्या अल्लीपुरातल्या भजनी मंडळात शिरायचं तर गळा लागतो, नाहीतर हात. गळा म्हणजे आवाज आणि हात म्हणजे खंजिरीवर ठेक्यात पडणारा. नोकरीतून मोकळा होऊन मुंबईहून गावी आलो तेव्हा बुवांनी माझी परीक्षा घेतली. एक ध्रुपद म्हणायला लावलं, मग खंजिरी हातात दिली, मग ती हळूच काढून घेतली आणि फार मायेने म्हणाले, "भाऊ, तुमी सतरंजी टाकत जा."

सतरंजी मी मन लावून टाकली. पण जन्मभर दुसऱ्यांच्या फायलींवर शेरे मारलेल्या माणसाला सतरंजीत किती दिवस समाधान मिळणार? शेरा मारायला काही जागाच नाही. त्यामुळे मंडळाचं दुसरं काम कानावर आलं तेव्हा माझ्या आत झोपलेला अधिकारी खाडकन उठून बसला.

दुसरं काम असं. अक्षय तृतीया झाली की मृग लागायच्या आत मंडळी गावातल्या एखाद्या निराधार माणसाचं घर फेरून देतात. ज्यांचा जन्म स्लॅबखाली गेला त्यांच्यासाठी सांगतो. हाताने थापलेली अर्धगोल कवेलू छपरावर एक ओळ उताणी, तिच्या सांध्यावर दुसरी पालथी, अशी नुसती मांडलेली असतात. ना खिळा, ना सिमेंट. वर्षभरात वारा, मांजरं आणि वानरं ती हलवतात. मग उन्हाळ्यात सगळी उतरवायची, कुजलेली फाटी बदलायची, फुटकी कवेलू टाकून चांगली पुन्हा मांडायची. वानरांबद्दल मंडळाची मोठी अडचण आहे. खाली रामनामाचा गजर करत ज्यांनी घर फेरायचं, त्यांनीच वरच्या मारुतीच्या फौजेला दगड कसा मारावा? म्हणून वानरं दरवर्षी नासधूस करतात आणि मंडळ दरवर्षी दुरुस्त करतं. या व्यवहारात दोन्ही बाजूंची श्रद्धा शाबूत राहते.

आमच्या भागात याला कुणी मोठं समाजकार्य वगैरे म्हणत नाही. ज्या मुलखात तुकडोजी महाराजांची भगवी टोपी घराघरात खुंटीला असते, तिथे खराटा आणि घमेलं ही पूजेचीच भांडी. मोझरीच्या गुरुकुंजातून महाराजांनी गावोगाव सेवा मंडळं उभी केली, 1955 साली ग्रामगीता दिली आणि तिचे 41 अध्याय खर्चून एकच गोष्ट लोकांच्या डोक्यात उतरवली, की गाव हाच देव आहे, त्याची व्यवस्था बघा. त्यांच्या आधी गाडगेबाबा. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः झाडाखाली झोपले. मी थोडा वेगळा मार्ग धरला. आधी स्वतःच्या खोलीत एसी बसवून घेतला आणि मग सेवेला निघालो.

त्या वर्षी घर निघालं वेशीकडच्या आजीचं. मागे-पुढे कुणी नाही, पाठ कमानीसारखी वाकलेली आणि जीभ एकदम सरळ. घरकुलाचे 1 लाख 20 हजार मिळायचे तर यादीत नाव हवं, जागेचा कागद हवा. आजीच्या जागेचा कागद तिच्या सासऱ्याच्या नावावर आणि सासऱ्यांना जाऊन इतकी वर्षं झालेली, की त्यांची सही आणणं मंडळाच्या आध्यात्मिक शक्तीबाहेरचं होतं. कुणीतरी म्हणालं, टिनं टाकून देऊ, दरवर्षीची कटकट नको. आजी भडकली. "टिनाखाली तू झोप न बापा मे महिन्यात. भाकर वेगळी भाजा लागनार नाई." वर्ध्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा कवेलूखाली निदान श्वास घेता येतो, हे तिला कुठल्या अभ्यासातून कळलेलं नव्हतं.

बैठकीत बुवांनी वही उघडली. मृदंगवाले आमचे मिस्त्री, म्हणजे गवंडी. टाळकरी सुतार. पेटीवर बसणारे मास्तर हिशेबाला. तरुण पोरं उतरवाचढवीला. एकेकाचं नाव पुकारलं जात होतं आणि मला एकदम जाणवलं, की ज्यांना मी नुसते भजनी समजत होतो ते सगळे काही ना काही येणारे लोक आहेत. फक्त मीच निव्वळ भाविक.

"मी वर चढीन," मी म्हणालो.

शांतता पसरली. मग मी जिमी कार्टरची गोष्ट सांगितली. अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष, चर्चमध्ये रविवारची शाळा घेणारा पक्का श्रद्धाळू माणूस. 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या ख्रिस्ती संस्थेबरोबर 1984 पासून गरिबांची घरं बांधायचा. 2006 साली लोणावळ्याजवळ पाटण गावी आला, शंभर घरं उभी राहिली, आणि तेव्हा त्याचं वय 82 होतं! स्वतःच्या हातात हातोडा! 2019 मध्ये, वयाच्या 95 व्या वर्षी, घरी पडला, चौदा टाके पडले आणि दुसऱ्या दिवशी डोळा काळानिळा घेऊन नॅशव्हिलला घरबांधणीच्या जागी हजर. मी तर त्याच्यापुढे पोरगा.

मंडळी भारावली. मिस्त्री सोडून. ते म्हणाले, "तो पयले सुतारकाम शिकला असंन."

हे नेमकं खरं होतं. कार्टरला लाकूडकामाचा नाद होता, घरातलं फर्निचर स्वतः बनवायचा. मी तो भाग गोष्टीतून वगळला होता. बुवांनी तडजोड काढली. वर चढायचं नंतर बघू, आधी भाऊंनी मातीची जबाबदारी घ्यावी. भिंतीचे पोपडे निघाले होते, लिंपायला एक ट्रॉली माती हवी होती.

आता कुणालाही वाटेल, माती आणण्यात काय आहे? मलाही तेच वाटलं. पण मी सरळ माती आणणारा माणूस नव्हे. आधी अभ्यास. म्हणून एक दिवस सेवाग्रामला जाऊन बापू कुटीच्या भिंतीसमोर उभा राहिलो. 1936 साली गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. आसपास मिळेल त्याच सामानात, गावकऱ्याला परवडेल असंच घर हवं, हा त्यांचा हट्ट. मीराबेननी भिंतीवर मातीतच उठावाची ताडाची झाडं काढली आहेत, तीही पाहिली. मनात ठरवून टाकलं, की आजीच्या भिंतीवर आपणही एखादं तुळशीवृंदावन काढू. तिथून वर्ध्यातल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राची माहिती काढली. त्यांनी मातीची शंकूसारखी नळकांडी एकमेकांत खुपसून लाकडाशिवाय कमानदार छप्पर उभं करण्याची रीत बसवली आहे. परत येऊन ती मी मिस्त्रींना कागदावर काढून समजावली. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला. "लय चांगली हाय. आता आजीचं जुनंच छप्पर फेरून घेऊ?"

माती मी माझ्याच शेतातून आणली. निवडून. वर्धा जिल्ह्यातली ती काळीभोर, लोण्यासारखी मऊ जमीन, हिंगणघाटचा कापूस जिच्या जिवावर नावारूपाला आला. ट्रॉली आजीच्या दारात रिकामी केली तेव्हा माझा ऊर भरून आला होता. मिस्त्रींनी खाली वाकून एक मूठ उचलली, चुरली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मातीकडे पाहिलं.

"भाऊ, ही काळी होय."

"एक नंबर आहे," मी म्हणालो.

"हिच्यात कापूस होते. घर नाई होत."

गावात जन्मलेल्या माणसाला हे माहीत नसावं, याचं त्यांना जे आश्चर्य वाटलं ते त्यांनी सभ्यपणे गिळलं. शेतीची ती काळी, वस्तीची ती पांढरी, हे आमच्याकडे चालायला लागलेल्या पोरालाही कळतं. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसून अशा भेगा देते, की गाईचा पाय आत जावा. तिचा लेप भिंतीला लावला तर उन्हात तडकून सुटणार आणि पहिल्याच पावसात फुगून खाली येणार. लिंपायला गावठाणातली पांढरी माती, त्यात गव्हाचं कुटार, पाणी घालून पायाने तुडवायची, झाकून सडवायची, पुन्हा तुडवायची. तेव्हा कुठे गारा चिकट होतो. मुंबईत असताना मी गावच्या मातीची ओढ या विषयावर दिवाळी अंकात एक लेख लिहिला होता. कोणती माती, ते त्यात लिहायचं राहून गेलं होतं.

पोरांनी तासाभरात पांढरी आणली. काळ्या ढिगाचं काय करायचं यावर चर्चा सुरू झाली तेव्हा आजी म्हणाली, "राहू द्या तिकडं मागं. दोडक्याचा येल लावते." अशा रीतीने माझं पहिलं योगदान परसात गेलं.

कामाच्या दिवशी पहाटे सामुदायिक ध्यान झालं. त्यात मला गाढ झोप लागली. शेजारच्या मास्तरांना ती समाधी वाटली, म्हणून त्यांनी उठवलं नाही. जागा होऊन आजीच्या घरी पोहोचलो तर अर्धी कवेलू खाली उतरून रांगेत लावलेली. माझा पोशाख पाहून पोरं काम थांबवून उभी राहिली. डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, हातात बागकामाचे हिरवे मोजे, कमरेला मोजपट्टी, खिशात मोबाईल आणि मोबाईलमध्ये भिंत सरळ आहे का वाकडी ते सांगणारं ॲप.

ॲप मी लगेच भिंतीला लावलं. "मिस्त्री! ही भिंत ओळंब्यात नाही!"

मिस्त्री वासे तपासत होते. वळूनही न पाहता म्हणाले, "मातीची भीत खाली रुंद न वर निरुंद असते, जी. बाहेरून कललेलीच दिसनार. सरळ केली तं पडंल." मग थोडं थांबून, "आजी बी कललेलीच हाय. तिले लावून पाहा."

आतून आजीचा आवाज आला, "लावू दे लावू दे. मोबाईल तं फुकटचा हाय."

मी मोबाईल खिशात घातला. माझं काम ठरलं होतं खाली. घमेल्यात कवेलू भरायची, शिडीवरच्या पोराच्या हातात द्यायची. मोजे घातलेल्या हातातून कवेलू निसटते, हे शोधायला मला काही कवेलू लागली. त्यानंतर मला चांगली कवेलू न देता फुटक्यांचा ढीग करायला बसवलं. त्यात मात्र माझा हात बसला, कारण फुटकी पुन्हा फुटली तरी चालत होती. शेजारच्या घरावर मंगलोरी कौलं होती. वेळ जावा म्हणून मी पोरांना सांगितलं, की या कौलांचा कारखाना मंगळुरात 1865 साली बासेल मिशनच्या पाद्र्यांनी काढला, म्हणजे धर्म आणि छप्पर यांचं नातं किती जुनं आहे बघा. एक पोरगा म्हणाला, "काकाजी, ते घमेलं सरकवा न."

मग चहाची वेळ झाली. सगळे खाली उतरून पडवीच्या बाहेर गल्लीत बसले. शिडी उभी होती. छप्पर बहुतेक झालं होतं, आढ्याजवळच्या दोन-चार ओळी तेवढ्या बाकी. माणसाच्या आयुष्यात असे क्षण येतात तेव्हा कुणीतरी त्याचा चहा त्याच्या हातात द्यायला हवा असतो. माझा चहा बिनसाखरेचा होता, त्याला उशीर होत होता.

मी चढलो.

वर गेल्यावर दृश्य फार छान होतं. हनुमानाच्या देवळाचा कळस, पलीकडे नांगरून ठेवलेली शेतं, गल्लीत पडवीच्या बाहेर बसलेल्या भगव्या टोप्या. मी हात हलवला. टोप्या वर झाल्या. मिस्त्रींच्या हातातली बशी तिथेच थांबली आणि ते ओरडले, "वाशावर पाय ठेवा! वाशावर!"

कवेलूच्या छपरावर चालण्याचं सगळं शास्त्र या दोन शब्दांत आहे. खाली वासा जिथे असेल त्याच रेघेवर बूड टेकत सरकायचं, दोन वाशांच्या मध्ये भार द्यायचा नाही. शास्त्र उत्तम. फक्त वर कवेलू मांडल्यावर वासा दिसत नाही. तो कुठे आहे हे ज्याने घातला त्याला माहीत असतं आणि तो खाली चहा पीत असतो. मी अंदाजाने उजवा पाय ठेवला. कडकन आवाज झाला. कवेलू, फाटी, पाय, सगळं एका दिशेने निघालं आणि माझा उजवा पाय मांडीपर्यंत आजीच्या घरात गेला. बाकीचा मी बाहेर. हेल्मेट शाबूत होतं. त्या दिवशी ज्याचा कुणालाच काही उपयोग नव्हता तेवढाच अवयव माझ्या अंगावर पूर्ण सुरक्षित होता.

खाली चुलीपाशी आजी होती. तिच्या डोक्यावर छतातून एक पाय लोंबकळत होता. तिने तो नीट पाहिला असावा, कारण पहिला प्रश्न आला, "हा कोनाचा होय?"

"माझा," मी वरून म्हणालो.

"मंग चप्पल कुटी गेली?"

चप्पल तिच्या पाण्याच्या गुंडात गेली होती. तो पितळी गुंड तिने सकाळीच चिंचेने घासून लखलखीत केला होता, कारण घरी देवाची माणसं येणार होती.

मला काढायला सगळं मंडळ लागलं. वरून दोघं काखेत हात घालून, शिडीवर दोघं, आणि खालून आजी. ती मुसळाने माझी टाच वर ढकलत होती. बुवांनी "बोला पुंडलिक वरदे..." म्हटलं आणि साऱ्यांनी एकदम जोर लावला. इतक्या एकमुखाने आणि ठेक्यात मंडळाने भजनही कधी म्हटलं नव्हतं. मी निघालो. माझ्याबरोबर आणखी दोन ओळींतली कवेलू निघाली.

खाली आल्यावर मास्तरांनी माझ्या मांडीला हळद लावता लावता आठवण करून दिली, "कार्टर दुसऱ्या दिवशी कामावर गेलते म्हनता न?" गल्लीत जमलेल्या पोरांनी माझं नाव त्याच क्षणी कार्टरकाका ठेवलं. आजीला ते नीट ऐकू आलं नाही, किंवा बरोबर ऐकू आलं. ती मला तेव्हापासून नुसतं कार्टं म्हणते.

इथून खरी अडचण सुरू झाली. फुटलेल्या कवेलूंची भरपाई कुठून करायची? आमच्याकडे हातची कवेलू आता कुणी थापत नाही. सगळ्यांनी टिनं नाहीतर स्लॅब घातला, मग थापणाऱ्यांनी तरी भट्टी कुणासाठी लावावी? जुन्या घराची उतरलेली मिळाली तरच. सुतार म्हणाले, जुनी उरलेली आता गावात कुटी हायेत? सगळ्यांनी विचार केला. मग मिस्त्रींनी अगदी सावकाश, चहाचा शेवटचा घोट घेऊन सांगितलं, "भाऊच्या गोठ्यावर हायेत न."

गोठा आमच्या आजोबांचा. जनावरं नाहीत, आता त्यात माझी स्कूटर असते. पोरं गेली आणि बघता बघता छपराची एक बाजू उतरवून घेऊन आली. माझ्या पायाने फुटली त्याच्या तिप्पट तरी असतील. मी हिशेब विचारला तर मास्तर म्हणाले, पुढच्या वर्षासाठी जादा असलेली बरी. कुणी माझ्याकडे पाहून हे म्हणालं नाही. पण कुणी दुसरीकडेही पाहिलं नाही.

संध्याकाळपर्यंत घर झालं. मिस्त्रींनी शेवटची ओळ बसवली, भिंतींना पांढरीचा हात फिरवला. तुळशीवृंदावनाचा विषय मी काढणार होतो, पण गारा वाळण्याआधी भिंतीपासून दूर राहायची सूचना मला एकट्यालाच दोनदा मिळाली होती. रात्री आजीच्या अंगणात सामुदायिक प्रार्थना झाली. सतरंजी मी टाकली. ती मात्र एकदम सरळ होती. ॲप लावून बघितलं.

मृगाचा पहिला पाऊस पडला तेव्हा रात्रभर मी गोठ्यात स्कूटरवर ताडपत्री धरून उभा होतो. सकाळी पोरगा निरोप घेऊन आला. आजीकडे एक थेंबही गळला नाही. श्रावणात दोडके आले. काळ्या मातीचा वेल तो, त्याने मांडव भरून टाकला. गावातल्या निम्म्या घरांत आजीचे दोडके गेले, माझ्याकडे दोनदा आले, आणि मला दोडका आवडत नाही हे सांगायची ती वेळ नव्हती.

यंदा पुन्हा बैठक झाली. घर निघालं पाटाजवळच्या एका बाईचं, नवरा गेलेला, पोरं लहान. बुवांनी वही काढून नावं घ्यायला सुरुवात केली. मिस्त्री, सुतार, मास्तर, पोरं. माझ्या नावापाशी पेन थांबलं. मी यावेळी काही बोललो नाही, कार्टरचं नावही काढलं नाही. बुवांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी खूप वेळ घेतला. शेवटी वहीत लिहिलं गेलं, 'माती', पुढे कंसात 'पांढरी', आणि त्याखाली दोन रेघा.

तेवढ्यात दाराशी बसलेली आजी म्हणाली, "आन् मले एक ट्रॉली काळी पायजे. यंदा वाल लावाचे हायेत."

बुवांनी तेही टिपून घेतलं. कोण आणील, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. त्या कामाचा अनुभव मंडळात एकाच माणसाला होता.